चौथा परिच्छेद

बाबाजी मरवडे पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होते. पेणला राहायला येऊन आम्हाला दोनच वर्षं झाली होती, आणि सकाळी पिशवी घेऊन जिना चढणारा माणूस तांदूळ नाहीतर पोहे विकायला आलेला असतो, एवढंच मला ठाऊक. त्यांच्या हातात नव्या तांदळाची पिशवी होतीच. मी म्हटलं, "आज नको आम्हाला."

ते म्हणाले, "इकायला नाय आनला, बाई. साहेबांना आनलाय. मथुरेसाहेब हितंच ऱ्हातात ना?"

साठी उलटलेला, काटक माणूस. खांब या थांब्याच्या बाजूच्या गावातून पहाटेची एस्टी धरून आलेले. त्यांचा मोठा मुलगा गुणाजी मराठा पलटणीत होता आणि सहा वर्षांपूर्वी लढाईत गेला. आता गावच्या तरुण मंडळाने शाळेच्या आवारात त्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं होतं. पुतळा पेणलाच, काळुराम मूर्तिकाराच्या गणपतींच्या कारखान्यात घडत होता. खाली संगमरवरी पाटी लागणार होती आणि पाटीवरच्या मजकुरावरून अडलं होतं. काळुरामने त्यांना आमचा पत्ता दिला. मूळचे रोह्याचे एक साहेब आहेत, जन्मभर दिल्लीत सरकारचे कागद लिहीत होते, त्यांना विचारा म्हणून.

ते साहेब म्हणजे माझे यजमान, दामोदर. हाक मारताना मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही. लिहिताना घेते आहे.

दामोदरनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या स्वतः आणून दिला. मग विचारलं, "मंडळाचं म्हणणं काय आहे?"

बाबाजींनी खिशातून वहीचा घडी घातलेला कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, 'भारतमातेच्या सीमेचे रक्षण करताना शहीद झालेला वीर जवान.'

"चांगलं आहे की," मी म्हटलं.

"बाई, पन तो शीमेवर नाय गेला," बाबाजी म्हणाले. "तो बोटीत बसून समिंदरापार गेला. तिथं कसली आपली शीम? मी पोपटला सांगतोय, खोटा लिवू नको. पोपट म्हंजे मंडळाचा अध्यक्ष. तो म्हंतो, मंग खरा काय ते तुमीच सांगा. मला कुठं ठाव हाय खरा काय ते?"

दामोदरनी कागद खाली ठेवला. "कुठे गेला तो?"

"जाफना म्हनून गाव हाय लंकेत. शत्याऐंशी साल. दिवाळीत तार आली. मागनं कलश आला." मग त्यांनी दामोदरकडे नीट पाहिलं. "साहेब, तुमी सरकारात व्हतात. कोनाशी लढायला धाडलेला माज्या पोराला? पलटनीतला एकजन भेटाया आलता, तो म्हनाला, ज्यांना वाचवाया गेलो त्येंच्याशीच लढलो. ह्येचा अर्थ काय लावू?"

दामोदर उठून खिडकीशी गेले. मला त्यांची पाठ दिसत होती. तसेच पाठमोरे म्हणाले, "बाबाजी, मला आठ दिवस द्या. मजकूर करून ठेवतो."

आठ दिवसांनी बाबाजी आले तेव्हा मजकूर झाला नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही.

*

दिल्लीत दामोदर ज्या कक्षात होते त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. बोलताना सगळे त्याला दक्षिण कक्ष म्हणत. सात-आठ अधिकाऱ्यांचा छोटा कारभार. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांबद्दल वरिष्ठांना सल्ला देणं, म्हणजे टिपण्या लिहून वर पाठवणं, हे त्यांचं काम. निर्णय दुसरीकडे होत, पण निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर कोणाचा कागद आधी पोचतो याला किंमत असते. ती किंमत कशी चढते-उतरते, हे मी घरी बसून दामोदरच्या तोंडून ऐकत आले.

कक्षाचे प्रमुख कुरियनसाहेब. सावकाश बोलणारे गृहस्थ. श्रीलंकेत तमिळांवर अत्याचार होत होते, तिथले हजारो लोक होड्यांतून तमिळनाडूत येऊन पडले होते, आणि आपण काहीतरी करावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. कुरियन म्हणत, बोलत राहायचं. दोन्ही बाजूंना बोलावून बसवायचं, थकेपर्यंत बोलायचं. पंच्याऐंशी-शहाऐंशीत त्यांच्या सहा-सहा पानी टिपण्या वर जात आणि समासात बरोबरच्या खुणा होऊन परत येत. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्यांच्या खोलीत डबे उघडत.

वधवासाहेब त्यांच्या हाताखालचे. उंच, देखणे, घारे डोळे. त्यांची टिपणी एक पानाची असे. दामोदर एकदा मला म्हणाले होते, "कुरियनच्या प्रत्येक पानावर एक 'तथापि' असतो. वधवाच्या कागदावर तो शब्दच नसतो. वाचणाऱ्याला बरं वाटतं." वधवांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या देशाने शेजारच्या बेटासमोर हात जोडून बसायचं नसतं. आपण पाऊल टाकलं की दोन्ही बाजू सरळ येतील. पंधरा दिवसांचं काम आहे.

सत्त्याऐंशीच्या सुरुवातीला वाटाघाटी पुन्हा फिसकटल्या. वर कोणालातरी थांबून थांबून कंटाळा आला असावा. वधवांचे कागद कुरियनना वगळून परस्पर वर जाऊ लागले. मग वधवांना वरच्या बैठकांना बोलावणं येऊ लागलं, आणि एके दिवशी दामोदरनी घरी येऊन सांगितलं, "आज कुरियन एकटेच जेवले."

"तुम्ही कुठे होतात?"

"वधवांच्या खोलीत," ते म्हणाले. "सगळेच होते."

जुलै महिन्यात श्रीलंकेशी करार व्हायचं जवळजवळ ठरलं. आपलं सैन्य शांतता राखायला बेटावर जाईल, तमिळ बंडखोर शस्त्रं खाली ठेवतील, असं त्यात होतं. कराराच्या परिणामांवर एक टिपणी तातडीने हवी होती आणि ती लिहायला दामोदरना सांगितलं. त्यांचं इंग्रजी कक्षात सगळ्यात चांगलं होतं, आणि ते कोणाच्याच गटातले समजले जात नसत.

टिपणी त्यांनी घरी जेवणाच्या टेबलावर बसून हाताने लिहिली आणि मला वाचून दाखवली. मी तेव्हा दिल्लीतल्या मराठी शाळेत शिकवत होते. शब्द कुठे अडखळतो का तेवढं सांगायचं माझं काम. पाच परिच्छेद होते. चौथा मला अजून पाठ आहे. मराठीत सांगायचा तर असा: 'बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत, तर ती काढून घेण्याचे काम आपल्या फौजेवर येईल. मग ज्यांच्या रक्षणासाठी आपण जात आहोत त्यांच्याच गल्ल्यांतून आपल्याला लढावे लागेल. ते किती काळ चालेल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि परत येण्याचा रस्ता आज कोणी आखलेला नाही.'

दुसऱ्या दिवशी दामोदर घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. वधवा त्यांच्या टेबलाशी येऊन बसले होते. रागावले नव्हते. म्हणाले, "मथुरे, फार सुंदर टिपणी आहे. चौथ्या परिच्छेदाने मात्र ती रडकी होते. वर आत्ता रडकी माणसं नको आहेत. तुम्हीच बघा काय ते." आणि जाता जाता म्हणाले, "कुरियनची बदली झाली, कळलं का? फार लांब पाठवतायत बिचाऱ्याला."

कुरियनना पंधरा दिवसांत जायचं होतं, आफ्रिकेतल्या अशा एका देशात जिथे आमच्या माहितीतलं कोणीच कधी गेलं नव्हतं.

"काढू का?" दामोदरनी मला विचारलं.

आमची मुलगी बारावीत होती. पुढच्या मार्चला परीक्षा. मला बदली दिसत होती, अर्ध्या वर्षात मोडणारी मुलीची शाळा दिसत होती. जाफना कुठे आहे ते मला नकाशात बोट ठेवून दाखवता आलं नसतं. मी म्हटलं, "एका परिच्छेदाने काय होणार आहे? ज्यांना करायचंय ते करणारच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं मी उलट काहीतरी म्हणावं अशी त्यांची इच्छा होती. मग त्यांनी हाताने लिहिलेली पानं फाडली, चार परिच्छेदांची टिपणी पुन्हा लिहून काढली, आणि ती दुसऱ्या दिवशी वर गेली. वधवांनी सगळ्यांदेखत त्यांचं कौतुक केलं. महिन्याभरात दामोदरना बढती मिळाली.

ऑक्टोबरात लढाई सुरू झाली. पंधरा दिवसांची पावणेतीन वर्षं झाली. वधवा आणखी पलटणी मागत राहिले आणि त्या जात राहिल्या. वर्तमानपत्रात आकडे येत. दामोदर ती पानं घडी घालून बाजूला ठेवत, वाचायची म्हणून, आणि वाचत नसत.

एकोणनव्वदच्या शेवटी सरकार बदललं. नव्या लोकांना ही लढाई नको होती. वधवांची खोली गेली. त्यांना कुठल्याशा प्रशिक्षण संस्थेवर पाठवलं. कुरियनना परत बोलावलं. आणि पाहता पाहता असं झालं, की आपण पहिल्यापासून कुरियनसाहेबांच्याच मताचे होतो असं कक्षातला जो तो सांगू लागला. दामोदरना तसं सांगता येईना. त्यांची टिपणी फायलीत होती.

कुरियननी ती वाचली. दामोदरना बोलावून ते इतकंच म्हणाले, "मथुरे, इतरांचं मला काही वाटत नाही. तुम्हाला तरी दिसायला हवं होतं."

'मला दिसलं होतं,' हे दामोदर बोलू शकले नाहीत. बोलून फायदाही नव्हता. दिसून गप्प बसणं हे न दिसण्यापेक्षा वाईटच. त्यानंतर त्यांना प्रकाशन विभागात एक टेबल मिळालं आणि तिथूनच ते एक्याण्णव साली निवृत्त झाले. रोह्याचं घर धाकट्या दिरांनी आधीच विकलं होतं. माझं माहेर पेणचं, म्हणून आम्ही इथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला.

*

बाबाजी चौथ्यांदा आले तेव्हा डिसेंबर लागला होता. ते कधी तगादा लावत नसत. बसत, चहा पीत, म्हणत, "घाई नाय साहेब, पुतळा आजून वाळतोय." त्या दिवशी दामोदर त्यांना म्हणाले, "चला, आधी पुतळा बघू."

मीही गेले. काळुरामच्या कारखान्यात पुढच्या वर्षाचे गणपती ओळीने वाळत ठेवले होते, रंगाविना, डोळ्यांविना, मातीच्या पांढरट रंगाचे. त्यांच्यामध्ये एका पाटावर गुणाजी होता. टोपी, बिल्ला, मिशी. काळुराम म्हणाला, "फोटो एकच मिळाला, कार्डावरचा, तोपन पुसट. कान दिसत न्हवते. मग मी बाबाजींचे कान बघून केले."

बाबाजींनी पुतळ्याच्या कानाला हात लावून पाहिला आणि मग स्वतःच्या. "बरोबर हाय," ते म्हणाले. "त्येचे आसंच व्हते."

बाहेर आल्यावर दामोदर म्हणाले, "बाबाजी, रविवारी मी तुमच्या गावाला येतो. तुमच्या घरी बसून सांगायचं आहे."

मी त्यांना घरी विचारलं, काय सांगणार आहात. ते म्हणाले, "त्यांनी विचारलंय ते."

"तुमच्या एकट्याच्या हातात होतं का ते?"

"नव्हतं. तेवढंही सांगीन."

रविवारी आम्ही एस्टीने खांबला उतरलो आणि तिथून चालत गेलो. भात कापून झालं होतं आणि त्याच जमिनीत वाल हातभर वर आला होता. बाबाजी बांधावर आमची वाट पाहत उभे होते. घरात त्यांची सून सरू होती, गुणाजीची बायको. लग्नानंतर दोनच वर्षं तिला संसार मिळाला, मूल नाही. रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत ती पॅकिंगला जात होती. त्या दिवशी तिची दुपारची शिफ्ट होती. कंपनीची निळी साडी नेसून, गळ्यात कार्ड घालून ती तयार बसली होती.

दामोदरनी सगळं सांगितलं. कक्ष, कुरियन, वधवा, टिपणी. सोपं करून सांगितलं, पण काही गाळलं नाही. एकच गोष्ट गाळली. चौथा परिच्छेद काढण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं आणि मी काय म्हटलं होतं, ते ते बोलले नाहीत. मी शेजारीच बसले होते. मीही बोलले नाही.

 बाबाजी म्हणाले, "म्हंजे तुमाला ठाव व्हता."

"भीती होती. ठाऊक होतं असं नाही म्हणता येत."

"पन लिवला व्हतात."

"लिहिलं होतं."

"आनि काडलात."

"काढलं."

"नसता काडला, तर पलटन गेली नसती?"

"गेली असती बहुतेक," दामोदर म्हणाले. "ठरल्यासारखंच होतं. पण कदाचित कोणी वाचून विचारलं असतं, की असं झालं तर तयारी काय आहे. कदाचित तयारी बरी झाली असती. कदाचित काहीच झालं नसतं. मला सांगता येत नाही, बाबाजी. खरंच येत नाही."

"मंग आता कशापायी सांगता?"

उत्तर सरूने दिलं. "मामा, ते आपल्यासाठी नाय सांगत," ती सासऱ्यांना म्हणाली. "त्येंना जड झालाय ते."

"तसंही असेल," दामोदर म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली. "त्या वधवाचा काय झाला?"

"त्यांना बाजूला केलं. एका संस्थेवर आहेत."

"पगार हाय?"

"आहे."

"आनि तुमचा?"

"मला बढती मिळाली होती. पुढे तीही वाया गेली."

"वाया गेली," सरू म्हणाली. फक्त तेवढेच दोन शब्द तिने परत म्हटले. मग घड्याळ बघून उठली, चपला घातल्या आणि रस्त्याकडे चालू लागली. कंपनीची बस नाक्यावर थांबत असे.

बाबाजींनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. जेवताना ते एकदाच बोलले. "साहेब, आता पाटीचा काय तो मजकूर द्या. खरा असंल तसा."

दामोदरनी तिथेच लिहून दिला. 'गुणाजी बाबाजी मरवडे. जन्म १९६२. भारत सरकारने श्रीलंकेत पाठवलेल्या सेनेत असताना जाफना येथे लढाईत मृत्यू, २१ ऑक्टोबर १९८७. वय २५.' बाबाजींनी तो दोनदा वाचायला लावला. कागद पेटीत ठेवला.

निरोप देताना त्यांनी दामोदरना नमस्कार केला, पण बांधापर्यंत आले नाहीत.

*

तो मजकूर मंडळाला पटला नाही. पोपट स्वतः पेणला येऊन दामोदरना भेटून गेला. चांगला, सरळ तरुण होता. म्हणाला, "साहेब, यात शहीद शब्दच नाय. वीर नाय. आनि परदेशात मेला असा वाचल्यावर पोरं इचारतील, कशाला गेलता. शाळेच्या आवारात उभा करायचाय आमाला. काय सांगायचा मास्तरांनी?"

"जे झालं ते," दामोदर म्हणाले.

"ते मास्तरांना तरी कुठं ठाव हाय?" पोपट म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नव्हता. त्याला खरंच अडचण दिसत होती.

बाबाजी पंधरा दिवस अडून राहिले. गावात बैठका झाल्या. पाहुणे ठरले होते, पत्रिका छापायच्या होत्या. शेवटी पाटी आली ती 'सीमेचे रक्षण करताना' याच शब्दांची. सव्वीस जानेवारीला समारंभ झाला. आम्हाला पत्रिका आली आणि दामोदर गेले. मी नको म्हणत होते. तिसऱ्या रांगेत आम्ही बसलो होतो. बाबाजींना शाल-श्रीफळ दिलं, ते त्यांनी घेतलं. पाहुण्यांनी शेजारच्या देशांना धडा शिकवण्याबद्दल भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरू आली नव्हती.

निघताना बाबाजी आमच्याजवळ आले. "पाटी घेऊन आले ते लोक," ते म्हणाले. "मी काय बोललो नाय. दमलो, साहेब."

त्यानंतर ते पेणला आले नाहीत. शहाण्णवच्या पावसाळ्यात ते गेल्याचं काळुरामने सांगितलं. आम्हाला कळलं तोवर तेरावाही होऊन गेला होता.

*

दिल्लीत मध्यंतरी दोन-तीन सरकारं आली आणि गेली. पुन्हा अशी माणसं वर आली ज्यांना कणखर सल्ला आवडत होता, आणि अठ्ठ्याण्णव साली वधवांचं नाव पेपरात दिसलं. सरकारने नेमलेल्या सल्लागारांच्या एका मंडळावर ते होते. केस पांढरे झाले होते, बाकी फोटोत तसेच दिसत होते.

त्याच वर्षी त्यांचं दामोदरना पत्र आलं. अत्यंत सभ्य. ते आपल्या कारकिर्दीवर पुस्तक लिहीत होते. त्यात श्रीलंकेचं प्रकरण होतं, आणि दामोदरच्या टिपणीचा उल्लेख करायला त्यांना परवानगी हवी होती. पत्रात एक वाक्य होतं, 'आज आमच्यावर टीका करणाऱ्यांना मला दाखवून द्यायचे आहे, की त्या वेळी कक्षातल्या सर्वांत विवेकी अधिकाऱ्यानेदेखील धोक्याचा एक शब्द लिहिला नव्हता.'

दामोदरनी ते पत्र मला वाचून दाखवलं, जशी टिपणी वाचून दाखवली होती तसं, सपाट आवाजात. मग टेबलाशी बसले आणि चार पानं लिहिली. चौथा परिच्छेद शब्दशः लिहिला. वधवा कुठल्या दिवशी टेबलाशी आले, काय बोलले, ते लिहिलं. परवानगी देत नाही, असं लिहिलं. आणि खाली, याला साक्षीदार माझी पत्नी, असं लिहून माझ्याकडे पाहिलं.

मी सही केली. त्या सगळ्या वर्षांत त्या परिच्छेदासाठी मी केलेलं काम म्हणाल तर तेवढंच.

उत्तर तीन ओळींचं आलं. असा परिच्छेद असल्याचं आठवत नाही. मूळ कागद आपल्याजवळ असल्यास कृपया प्रत पाठवावी. प्रकृतीची काळजी घ्यावी.

मूळ कागद कुठून असणार? तो दिल्लीतल्या घराच्या कचऱ्याच्या टोपलीत गेला होता.

पुस्तक निघालं. त्यात दामोदरचं नाव नव्हतं, तेवढी सवलत वधवांनी दिली. पण ते वाक्य होतं. त्या वेळी कोणत्याही अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला नव्हता. दामोदर मला म्हणाले, "तो खोटं लिहीत नाहीये, पद्मा. फायलीत बघितलंस तर तसंच आहे. ती फाईल मीच केलीय."

नंतर ते घरात कमी बोलू लागले. सकाळी एस्टी स्टँडपर्यंत चालत जायचे, बाकावर बसायचे, परत यायचे. कोणी ओळखीचं भेटलं आणि देशापरदेशाचं काही विचारलं तर म्हणायचे, मला त्यातलं काही कळत नाही.

दोन हजार एकच्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला. सैन्य पश्चिमेच्या सीमेवर जाऊन उभं राहिलं. टीव्हीवर रोज चर्चा असत, आणि चर्चेत रोज वधवा असत. आम्ही टीव्ही लावत नव्हतो, तरी शेजारच्या घरातून त्यांचा आवाज येई. मी तो ओळखू लागले होते.

जानेवारीत एका दुपारी फोन वाजला. दामोदरनी घेतला. मी जवळच होते; बाईचा आवाज मोठा होता, मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, मी सरू बोलते. बाबाजी मरवड्यांची सून. धाटाव नाक्यावरनं बोलते, बूथवरनं."

"बोला," दामोदर म्हणाले.

"आमच्या कॅन्टीनला टीव्ही हाय. त्याच्यात एक मानूस येतो. खाली नाव येतो वधवा म्हनून. तुमी सांगितलेला तो हाच काय?"

"हो. तोच."



"म्हातारा झालाय," ती म्हणाली. "मला वाटला व्हता, कसातरी दिसत असंल. चांगला दिसतो की. आपल्या मास्तरावानी."

ती पुढे सांगत राहिली.

"हिंदीत बोलतो. मला समदा नाय समजत. म्हनत व्हता, घाबरून चालनार नाय, सोसावा लागतो. माज्यासंगं बसलेल्या बाया म्हनाल्या, बरोबर बोलतो गो हा." मग म्हणाली, "मी त्येंना काय सांगू, साहेब?"

दामोदरनी तोंड उघडलं. पण शब्द आले नाहीत. तिने दोन-तीनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बस आली," आणि फोन ठेवला.

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. मी तो त्यांच्या हातातून घेतला.

त्या दिवसानंतर मी दोन वेळा धाटावला तिच्या कंपनीवर जाऊन सरूला भेटायचं ठरवलं. तिला सांगायचं होतं, की परिच्छेद काढण्याआधी दामोदरनी मला विचारलं होतं, आणि मी काय म्हटलं होतं. एकदा मी कोलाडपर्यंत गेलेही. तिथे एस्टी बदलायची असते. समोर रोह्याची गाडी लागली होती, रिकामी होती, बसायला जागा होती. मी हॉटेलात चहा घेतला आणि पेणच्या गाडीत बसून परत आले.

दामोदर जूनमध्ये गेले. हृदयाचं कारण होतं, दुपारी झोपेत. सीमेवरचं सैन्य तेव्हा अजून तिथेच होतं. पुढे ते परत आलं, लढाई झाली नाही, आणि वधवा टीव्हीवर दिसायचे थांबले. त्यांच्या जागी दुसरे कोणी बसले असतील.

अंत्यविधीला फार माणसं नव्हती. मुलगी बंगलोरहून पोचली होती, दीर रोह्याहून आले होते, काळुराम आला होता. सरूला त्यानेच निरोप दिला असावा. ती निळ्या साडीतच आली, गळ्यातलं कार्ड पदराखाली घेतलेलं. मागे, भिंतीशी उभी राहिली. पुढे येऊन पाया पडली नाही आणि रडलीही नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पुढे होऊन तिच्याशी बोलायला हवं होतं. माझ्याभोवती बायका होत्या, आणि मी त्यांच्यातच उभी राहिले.

दामोदरना बाहेर काढलं तेव्हा ती वाट देऊन बाजूला सरली. तिची शिफ्ट होती. दोनच्या एस्टीने ती परत गेली.